गुंथामुंडाचं नववं वर्ष

दापोलीत कचेरीबाहेर टेबल टाकून खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं लिहिणं हा माझा धंदा. त्यामुळे इतिहास वाचतानाही माझी नजर आधी जमिनीकडे जाते. राजा किती शूर होता ते सगळेच सांगतात. त्याने जमीन कुणाकडून काढून कुणाला दिली, सारा कुणी भरला आणि दस्तावर साल कुणाचं पडलं, एवढं समजलं की त्या राज्याची कुंडली मला पुरेशी कळते.

पावसाळ्यात काम थंड असतं. मोजणी नाही, मुंबईकर गावाला नाहीत, व्यवहार गणपतीपर्यंत लांबणीवर. त्या दिवसांत मी युरोपातल्या जर्मनिक राज्यांच्या मागे लागलो. गॉथ, व्हँडल, बर्गंडियन, फ्रँक, लाँबर्ड. रोमचं पश्चिमेकडचं साम्राज्य ढासळत असताना या लोकांनी त्याच्याच जमिनीवर राज्यं उभी केली आणि बहुतेकांची शंभर-दोनशे वर्षांत संपली. त्यात मला धरून ठेवलं ते व्हँडलांनी, कारण त्यांच्या काळातले खरे दस्त सापडलेत. तेही लाकडी फळ्यांवर.

1928 मध्ये अल्जीरिया आणि ट्युनिशियाच्या सीमेजवळ, टेबेसा गावाच्या दक्षिणेला या फळ्या मिळाल्या. अल्बर्टिनी नावाच्या विद्वानाने त्यांचा अभ्यास केला, म्हणून त्याच्या नावाने ओळखल्या जातात. काळ साधारण 493 ते 496. शाईने लिहिलेली खरेदीखतं, बहुतेक जैतुनाच्या झाडांची आणि लहानसहान तुकड्यांची. विकणारे कोण, घेणारा कोण, जागेचं नाव काय, शेजारी कोण, झाडं किती, किंमत पोचली का, सगळं आहे. विकणाऱ्याला लिहिता येत नसेल तर त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने लिहिलंय, आणि तसं नमूदही केलंय. अंगठ्याशेजारी "निशाणी डावा अंगठा" लिहिताना माझा हात आपोआप चालतो, त्यामुळे हे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. गेमिनियस फेलिक्स नावाचा माणूस एकामागून एक तुकडे घेत सुटलाय. असा एक गेमिनियस आमच्याकडे दर चार गावांत असतोच. गेमिनिया यानुआरिला नावाच्या मुलीच्या हुंड्याची यादी आहे. आणि सहा वर्षांच्या एका गुलाम पोराचं विक्रीखतही आहे, त्याच शांत भाषेत लिहिलेलं. तो कागद मी परत उघडलेला नाही.

आता व्हँडल यात कुठे? वरच्या ओळीत. दस्ताची तारीख राजाच्या सालाने घातलीय: स्वामी राजा गुंथामुंड याचं नववं वर्ष. बाकी भाषा लॅटिन, कायदा रोमन, माणसांची नावं रोमन वळणाची.

विकलं जात होतं ते मालकीसुद्धा नव्हतं, कसणुकीचा हक्क होता. मोठ्या जमीनदाराच्या मुलखात राहणारी ही कुळं, आणि त्यांचा हक्क मान्सियाना नावाच्या जुन्या कायद्यातून आलेला. ट्रेजन बादशहाच्या काळातला, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख ट्युनिशियात सापडलाय, त्यात या कायद्याच्या धर्तीवर वाटा ठरवून दिलाय: गहू, जव, दारू, तेल यांचा साधारण तिसरा हिस्सा. म्हणजे तिर्धेल! पडीक जमीन लागवडीला आणली तर हक्क वंशपरंपरेने चालायचा. आमच्या आजोबांनी खोताला भात घातलं, 1949 च्या कायद्याने खोती गेली, तरी घरात अजून "खोताचा वाटा" असा शब्द निघतो. त्या फळ्यांमधली कुळं तर रोमन राज्य जाऊन साठ वर्षं झाल्यावरही जुन्याच कायद्याचं नाव घेऊन हक्क विकत होती.

हे साठ वर्षांचं अंतर कसं पडलं, ते थोडक्यात. 406 च्या शेवटच्या दिवशी व्हँडल इतर टोळ्यांबरोबर ऱ्हाईन नदी ओलांडून गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, शिरले, 409 मध्ये स्पेनमध्ये उतरले. 429 मध्ये त्यांचा राजा गायसेरिक याने सगळी जमात, जुने लेखक सांगतात त्याप्रमाणे 80,000 माणसं, समुद्रापार आफ्रिकेत नेली. दहा वर्षांनी, 439 मध्ये, आजच्या ट्युनिसजवळचं कार्थेज शहर त्याच्या हाती आलं. रोमला धान्य आणि तेल पुरवणारा हा मुलूख. तो गेल्यावर पश्चिमेच्या तिजोरीत सैन्याला द्यायला काय उरणार? 455 मध्ये व्हँडलांनी रोम लुटलं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मते रोमचं खरं नुकसान सोळा वर्षं आधीच झालं होतं.

गायसेरिकने कार्थेजभोवतालची उत्तम जमीन आपल्या लोकांना वाटली. प्रोकोपियस हा सहाव्या शतकातला इतिहासकार लिहितो की ती कायमची सारामाफ होती, आणि हलकी जमीन मूळ मालकांकडे ठेवून तिच्यावर असा कर लादला की हातात काही उरू नये. इनाम देताना हा खेळ जगभर चालतो. बर्गंडियनांनी आपल्या कायद्यात स्पष्ट लिहून ठेवलं: जमिनीचे दोन हिस्से आपले, एक रोमन मालकाचा. इटलीत राजा थिओडोरिकच्या गॉथांना तिसरा हिस्सा मिळाला आणि ती वाटणी लिबेरियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याने एवढ्या बेताने केली की त्याचं कौतुक दरबारी पत्रांत आहे. वाटणीत कौतुक होणं किती दुर्मिळ, हे मला विचारा.

ही राज्यं का टिकली नाहीत, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी धर्माच्या भांडणात शोधतात. व्हँडल एरियन पंथाचे, म्हणजे ख्रिस्ताला देवपित्याहून कमी मानणारे, प्रजा कॅथलिक, आणि गायसेरिकचा मुलगा ह्युनेरिक याने 484 मध्ये प्रजेचा छळ केला, हे खरंच आहे. फ्रँकांचा राजा क्लोव्हिस कॅथलिक झाला, स्पेनच्या गॉथांनी 589 मध्ये तोलेडोला तोच रस्ता धरला, आणि ही दोन राज्यं जास्त टिकली. पण मला फळ्यांवरची ती एकच ओळ जास्त बोलकी वाटते. टेबेसाच्या रानातल्या कुळाला राजा फक्त तारखेपुरता लागत होता.

म्हणून शेवट इतका झटपट. 533 मध्ये पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याचा बादशहा जस्टिनियन याचा सेनापती बेलिसॅरियस सुमारे 15,000 सैन्य आणि 500 गलबतं घेऊन आला. व्हँडल राजा गेलिमेरची 120 गलबतं आणि 5,000 माणसं नेमकी तेव्हा सार्डिनियात बंड मोडायला गेलेली. सप्टेंबरात कार्थेज पडलं, डिसेंबरात दुसरी लढाई, 534 मध्ये गेलिमेर शरण. त्याच साली फ्रँकांनी बर्गंडियन राज्यही गिळलं. गेलिमेरला गलेशियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, चांगली जमीन देऊन कुटुंबासह राहू दिलं.

इथे बहुतेक पुस्तकं मिटतात. माझ्या कामाचा भाग इथून सुरू होतो. बादशहाला सारा बसवायचा होता, पण रोमन काळची दप्तरं गायसेरिकने सुरुवातीलाच उधळून लावली होती. तेव्हा ट्रिफॉन आणि युस्ट्रेशियस असे दोन अधिकारी नव्याने आकारणीला पाठवले, आणि लोकांना ती जाचक वाटली. 535 मध्ये आणखी एक फर्मान निघालं: व्हँडलांनी घेतलेली जमीन परत मागता येईल, पण स्वतःची, बापाची किंवा आजोबाची असेल तरच, आणि पाच वर्षांच्या आत. आमच्याकडे पाच वर्षांत भावकीतले सगळे वारस एका टेबलाशी येत नाहीत.

मग अडचण आली ती सैन्यातूनच. बेलिसॅरियसच्या शिपायांनी व्हँडलांच्या बायका-मुलींशी लग्नं केली होती. बायकांनी नवऱ्यांना ऐकवलं: व्हँडलांच्या घरात होतो तेव्हा ही जमीन आमची होती, जिंकणाऱ्याशी लग्न केल्यावर ती आमच्या हातून कशी जाते? सरकार म्हणत होतं, जमीन बादशहाची. 536 मध्ये स्टोट्झास नावाच्या शिपायाच्या मागे 8,000 बंडखोर जमले आणि कार्थेजवर चालून गेले. बेलिसॅरियसला सिसिलीहून एका गलबतातून, शंभर माणसं घेऊन, धावत यावं लागलं.