पाचवा बोलर कोण?

नेरुळच्या मॅचसाठी टीम निवडायला आम्ही चौघं बसलो, तेव्हा बॅटिंग ऑर्डर चहा यायच्या आत ठरली. गाडी अडली ती बोलिंगवर, आणि हॉटेलवाल्याने खुर्च्या टेबलावर उलट्या टाकायला घेतल्या तरी पुढे सरकेना. दोन दिवसांची मॅच, लाल चेंडू, दिवसाला नव्वद ओव्हर आणि निकाल पहिल्या डावाच्या आघाडीवर. ठाण्यातला आमचा क्लब तसा लहान. पोरं वर्षभर वीस ओव्हरचंच क्रिकेट खेळतात, त्यामुळे अशी मॅच आली की आमच्या प्रत्येकाच्या अंगात टेस्टचा सिलेक्टर संचारतो.

कॅप्टनला सात बॅट्समन आणि चार बोलर हवे होते. सेक्रेटरी काका म्हणाले, "चारही फास्टच घ्या. २०१८ला जोहान्सबर्गला आपण एकही स्पेशालिस्ट स्पिनर न घेता जिंकलो की नाही?" जिंकलो, ६३ धावांनी. पण आमच्या कोच सरांनी लगेच त्याच वर्षातलं पर्थ काढलं. तिथेही चार फास्ट बोलर होते, स्पेशालिस्ट स्पिनर नव्हता, आणि ऑस्ट्रेलियाचा स्पिनर नेथन लायन याने आठ विकेट काढून आपल्याला झोपवलं. मग २०२३ची ओव्हलवरची कसोटी अजिंक्यपदाची फायनल आली, तीही ऑस्ट्रेलियाशीच. आपला ऑफ स्पिनर अश्विन बाहेर, आणि डावखुऱ्या ट्रॅव्हिस हेडच्या १६३. त्यावर काकांनी नोव्हेंबर २०२५मधलं ईडन गार्डन्स टाकलं. चार-चार स्पिनर घेऊन उतरलो आणि १२४चा पाठलाग करताना ९३ वर सगळे आउट! दाखले पाहिजेत तेवढे मिळतात, आणि दोन्ही बाजूंचे मिळतात. मी तोवर गप्प होतो, कारण मी अजून विकेट, म्हणजे खेळपट्टी, पाहिलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ट्रान्स हार्बरची लोकल पकडून नेरुळला गेलो. माळीमामा पाईप घेऊन पाणी मारत होते.

"मामा, माती कुठली?"

"लालच हाय साहेब. भेगांमधी थोडी काळी भरलीय."

"आणि गवत?"

"आत्ता दिसतंय ते मॅचच्या सकाळी नसनार."

माझ्यासाठी टीम तिथेच अर्धी ठरली. मामांना विचारून खिशातली किल्ली गुड लेंथच्या जागी, म्हणजे चांगल्या चेंडूचा टप्पा पडतो तिथे, दाबली, तर पेरभर सहज आत गेली. शेजारच्या वापरलेल्या विकेटवर दाबली तर टोकसुद्धा रुतेना. म्हणजे ओल आहे ती पाण्याची आणि आजची. दोन दिवसांचं ऊन आणि रोलर मिळाला की विकेट कडक होणार, सकाळचा तासभर दवामुळे चेंडू हलणार, उसळी चांगली मिळणार आणि दुपारनंतर वरची माती सुटायला लागणार. काळी माती ओल धरून ठेवते, विकेट संथ आणि खाली राहते. लाल माती लवकर सुकते आणि लवकर फुटते. वानखेडेवर ज्यांनी कसोट्या पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

परत येताना डी. वाय. पाटील स्टेडियमकडे नजर गेली आणि डिसेंबर २०२३ची महिलांची कसोटी आठवली. आपल्या मुलींनी इंग्लंडला ३४७ धावांनी हरवलं ती. रेणुका सिंग आणि पूजा वस्त्राकर नव्या चेंडूवर, मागे दीप्ती शर्मा, स्नेह राणा आणि राजेश्वरी गायकवाड. दोन सीमर, म्हणजे वेगवान बोलर, आणि तीन स्पिनर. पहिल्या डावात इंग्लंड १३६ वर संपलं, त्यात दीप्तीचे आकडे सात धावांत पाच विकेट. शिवाय तिनेच बॅटिंगमध्ये ६७ केल्या होत्या. असा पाचवा बोलर हाताशी असेल तर कॅप्टन आणि सिलेक्टर यांच्यात भांडण कशाला होईल? आमच्याकडे तो नव्हता, सगळा घोळ तिथेच होता.

रात्री पुन्हा बसलो. मी वहीत एकच हिशेब मांडला होता. टेस्ट जिंकायला वीस विकेट लागतात, आपल्याला दहाच काढायच्यात, म्हणून चार बोलर पुरतील, असं कॅप्टनचं म्हणणं. पण नव्वद ओव्हर चार जणांत वाटल्या तर माणशी बावीसच्या वर जातात. आमची पोरं ऑफिस-कॉलेज सांभाळून सेंट्रल मैदानावर नेटमध्ये टाकतात ती सहा-सात ओव्हर. पन्नासाव्या ओव्हरनंतर चेंडू मऊ पडलेला, डोक्यावर ऊन, आणि सेट झालेला बॅट्समन समोर. तेव्हा चेंडू कोणाच्या हातात द्यायचा, हे आत्ताच सांगा, असं मी म्हटलं. कोणी बोलेना.

दोन सीमर आणि डावखुरा स्पिनर यांवर वाद नव्हताच. उरलेल्या दोन जागांसाठी तिघं होते. तिसरा सीमर, जो आठव्या नंबरला येऊन तीसएक धावा हमखास करतो. बँकेत नोकरी करणारा आमचा ऑफ स्पिनर. वय झालंय, पण टप्पा सोडत नाही. आणि कॉलेजातला लेगी, म्हणजे लेग स्पिनर, जो एका ओव्हरमध्ये दोन फुलटॉस टाकेल आणि तिसऱ्या चेंडूवर दांडी गुल करेल. समोरच्या टीमच्या पहिल्या सहांत तिघं डावखुरे, आणि ऑफ स्पिनरचा चेंडू डावखुऱ्यापासून बाहेर वळतो, म्हणून तो पक्का. आमचे दोन्ही सीमर उजव्या हाताचे, ओव्हर द विकेट टाकतात. त्यांच्या पायांनी जी माती उकरली जाते ती डावखुऱ्याच्या ऑफ स्टंपबाहेर, आणि तिथे पडलेला चेंडू जास्त वळतो. शिवाय दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, आणि वाऱ्याच्या तोंडावर टाकलेला ऑफ स्पिनरचा चेंडू अपेक्षेआधीच खाली पडतो. बँकवाल्याला हे सगळं वापरता येतं.

पाचव्या जागेवर कॅप्टन अडून बसला. "सर, लेगीला बॅट धरता येत नाही. शेपूट सातव्या नंबरपासून सुरू होईल." खरंच होतं ते. २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात स्पिनर कुलदीप यादव पाचही कसोट्या बाहेर बसला, तेव्हा खालच्या बॅटिंगचीच चिंता होती. तेव्हाही मला पटलं नव्हतं. आठव्या नंबरच्या तीस धावा वहीत दिसतात. सेट बॅट्समन लवकर गेला तर न झालेल्या साठ धावा कुठेच लिहिलेल्या नसतात. कोच सर माझ्या बाजूला आले, काका तटस्थ राहिले, लेगीचं नाव लिहिलं गेलं.

तिसऱ्या सीमरला फोन मीच केला. व्हॉट्सअॅपवर यादी टाकून मोकळं होणं मला आवडत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सर, पुढच्या मॅचला माती काळी आहे का?" आहे, म्हटलं. "मग ठीक आहे."

मॅचला टॉस हरलो आणि बोलिंग आली. सकाळी दवात दोन विकेट गेल्या, पण नंतर एक पार्टनरशिप लागली आणि लंचनंतर कॅप्टन लेगीकडे बघेचना. ऑफ स्पिनर एका टोकाने ओव्हरमागून ओव्हर टाकत राहिला. शेवटी सगळे उपाय थकल्यावर लेगीला चेंडू मिळाला. पहिल्याच ओव्हरमध्ये दोन चौके खाल्ले, पुढच्या ओव्हरमध्ये सेट झालेला डावखुरा स्टंप झाला. नंतर आणखी दोन काढल्या. धावा मात्र ओव्हरला पाचच्या वर दिल्या. त्यांचे झाले २३१, आमचे २१९. आघाडी बारा धावांनी गेली.

आता कॅप्टन म्हणतो, सातवा बॅट्समन असता तर या बारा धावा कुठे गेल्या होत्या! मी म्हणतो, लेगी नसता तर त्यांचे पावणेतीनशे झाले असते. काळ्या मातीवरच्या मॅचसाठी रविवारी परत बसायचंय. तिसरा सीमर तिथे खेळेल, ते कबूल. पण बोलर मी पाचच मागणार आहे.