दिवाडीच्या बांधावरची मानस

जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरले, की सपाट, सखल शेते सुरू होतात. ही खाजन जमीन. नदीला भरती आली म्हणजे तिचे पाणी या शेतांहून उंच चढते, तरीही पिकात खारे पाणी शिरत नाही. हे कसे साधले आहे ते प्रत्यक्ष पाहावे, म्हणून पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाची वेळ साधून मी तेथे गेलो.

चिकणमाती, पेंढा आणि चिरे यांच्या बांधात जागोजागी पाण्याची दारे बसवलेली असतात. त्यांना मानस म्हणतात. मी पाहिलेल्या मानशीची लाकडी दारे नदीच्या बाजूला उघडणारी होती आणि त्यांच्या बुडणाऱ्या भागावर कालवांचे खरबरीत थर चढले होते. भरतीचे पाणी चढू लागले तशी दारे हळूहळू ओढली जाऊन चौकटीला घट्ट टेकली आणि फटींतून तेवढ्या बारीक धारा झिरपत राहिल्या. कोणी हातही लावला नव्हता.

पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो. दार दोन्ही बाजूंनी बुडालेले असताना बाहेरची पातळी आतल्यापेक्षा अर्धा मीटर जरी वर असली, तरी दाराच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५०० किलो वजनाइतका जोर आतल्या दिशेने पडतो. म्हणजे जे पाणी आत घुसू पाहते, तेच दार दाबून धरते. ओहोटीला नदी आतल्या पातळीच्या खाली उतरली, की दाबाची दिशा उलटते, दार उघडते आणि शेतात साचलेले पावसाचे पाणी बाहेर पडते. या रचनेचे मला फार कौतुक वाटते.

ही सारी शक्ती मुख्यत्वे चंद्राची. त्याचे आकर्षण पृथ्वीच्या जवळच्या बाजूला थोडे अधिक आणि पलीकडच्या बाजूला थोडे कमी असते. या फरकामुळे समुद्र दोन्ही बाजूंना फुगतो आणि साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्याची ओढही त्याच रेषेत येत असल्याने उधाण येते.

मग येथे भरतीवर वीज का करू नये? फ्रान्समधील ला रान्स नदीच्या मुखावर १९६६ पासून २४० मेगावॅट क्षमतेचे असे केंद्र चालू आहे; पण तेथे भरती-ओहोटीतला सरासरी फरक ८ मीटरच्या आसपास आहे. गोव्यात तो उधाणातही साधारण २ मीटरच असतो. अडवलेल्या पाण्यातून मिळणारी ऊर्जा या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे तेवढ्याच क्षेत्रफळाच्या जलाशयातून येथे जेमतेम सोळावा हिस्सा हाती लागेल. दार हलवायला मात्र २ मीटर पुष्कळ झाले.

बांधाचे खरे दुखणे देखभालीचे आहे. खेकडे त्यात बिळे करतात आणि ती वेळीच बुजवली नाहीत, तर एखाद्या उधाणाला तेथूनच खिंडार पडते. एकदा खारे पाणी शेतात पसरले, की मातीतले मीठ पुढच्या पावसांनी धुऊन निघेपर्यंत भाताची आशा धरता येत नाही. अशी ओसाड पडलेली खाजने पाहताना जीव हळहळतो.

जाणाऱ्यांनी आधी भरतीचे वेळापत्रक पाहावे आणि पाणी चढू लागताच बांधावर पोहोचावे, म्हणजे दार मिटताना दिसेल. उघडताना पाहायचे असेल, तर भरती सरल्यावर काही तास थांबण्याची तयारी ठेवावी.