तुम्ही विचारलंत म्हणून: "मॅडम, टाटाला पाठवताय, पण तिकडे पेशंटवर प्रयोग करतात ना?"

मी तालुक्याच्या गावी दाताचा दवाखाना चालवते. आमच्याकडे तंबाखू मळणारे येतात, मिश्री लावणाऱ्या बायका येतात, आणि गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असूनही तो खाऊन तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही अशी विशी-पंचविशीतली पोरं येतात. त्यात कधीतरी कोणाच्या गालाच्या आत कडक चट्टा दिसतो, जिभेच्या कडेला न भरणारी जखम दिसते, मग तुकडा तपासायला जातो, कॅन्सरचा रिपोर्ट येतो आणि मी सांगते की मुंबईला जा, टाटाला, म्हणजे परळच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलला. त्यावर पेशंट गप्पच असतो बहुतेक वेळा, पण बरोबर आलेला भाऊ किंवा मेहुणा हमखास विचारतो की मॅडम, हॉस्पिटल मोठं आहे हे खरं, पण ते शिकवायचं आणि रिसर्चचं हॉस्पिटल, तिथे गरिबांवर प्रयोग करतात म्हणे. हाच प्रश्न मला फोनवर येतो, लग्नात जेवताना येतो, आणि दोन मिनिटांत त्याचं उत्तर देता येत नाही म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आधी एक सांगते, ही भीती वेडगळ नाही. आपल्या देशात पेशंटला नीट न सांगता औषधांच्या चाचण्या झाल्याच्या तक्रारी आल्यात, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०१९ मध्ये नवे नियम आले. म्हणून विचारणाऱ्यावर मी कधी चिडत नाही. पण ऑपरेशनच्या बाबतीत रिसर्च म्हणजे नक्की काय चालतं हे एकदा कळलं ना, की तुम्हीच म्हणाल हे आधी का नाही कोणी सांगितलं.

मानेची गोष्ट सांगते, कारण ती आपल्याच लोकांची आहे. तोंडाचा कॅन्सर पसरतो तो बहुतेक वेळा आधी मानेतल्या लिम्फ नोड्समध्ये, आपण ज्याला गाठी म्हणतो त्यात. आता समजा जिभेवर दीड-दोन सेंटीमीटरची जखम आहे, मान चाचपली तर हाताला काहीच लागत नाही, सोनोग्राफीतही काही नाही, तर सर्जनने काय करायचं? जिभेचा तेवढा भाग काढायचा आणि मानेवर नुसती नजर ठेवायची, का त्याच वेळी मानेतल्या गाठीही काढून टाकायच्या? ऐकायला दुसरं बरं वाटतं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. पण मानेचं ऑपरेशन म्हणजे गळ्यावर लांब चीर, बाजूला नळी लावून चार-पाच दिवस डबी गळ्यात अडकवून फिरायचं, आणि खांद्याला जाणारी एक बारीक नस नेमकी त्या गाठींच्या मधून जाते, ती वाचवली तरी ताणली जाते, मग कित्येक महिने हात खांद्याच्या वर जात नाही. माझ्या एका पेशंट मावशींना स्वतःची वेणी घालता येत नव्हती, दोरीवर साडी टाकायची तर सुनेला हाक मारायला लागायची, भिंतीवर बोटं एकेक करत वर चढवायचा व्यायाम त्या माझ्या दवाखान्यातल्या भिंतीवरही करून दाखवायच्या. ज्याच्या गाठीत कॅन्सर नव्हताच त्याच्या वाट्याला हे सगळं उगाच आलं असं होतं ना.

तर या प्रश्नावर जगभर वर्षानुवर्षं दोन तट होते. म्हणजे तुम्ही कुठल्या सर्जनच्या दारात गेलात यावर तुमची मान उघडणार का नाही हे ठरायचं. दोन्हीकडचे डॉक्टर प्रामाणिक, दोघांकडे दांडगा अनुभव, आणि दोघांनाही वाटायचं आपलंच बरोबर. मला विचाराल तर खरा प्रयोग तो होता, कितीतरी माणसांवर चाललेला, कोणाची परवानगी न घेता, आणि त्याचा हिशोब कोणीच ठेवत नव्हतं.

टाटामध्ये तोंडाच्या कॅन्सरचे सर्जन डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमने तो हिशोब ठेवला. २००४ ते २०१४ या काळात ५९६ पेशंट घेतले, सगळे सुरुवातीच्या स्टेजचे, मानेत काही लागत नसलेले. निम्म्यांच्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढायच्या, निम्म्यांना नियमित तपासत राहायचं आणि गाठ आली तरच मान उघडायची. कोण कुठल्या गटात हे डॉक्टरने ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकावी तसं ठरतं. लोकांना हेच सगळ्यात खटकतं, की माझ्या माणसाचं नशीब चिठ्ठीवर? पण डॉक्टरवर सोपवलं तर तो नकळत धडधाकट माणसाला मोठं ऑपरेशन देणार आणि थकलेल्याला छोटं, आणि शेवटी कोण ऑपरेशनमुळे जगलं आणि कोण मुळातच दणकट होतं म्हणून जगलं हे कधीच कळणार नाही. आणि दोन्ही उपचार त्या वेळी जगात चालूच होते, त्यातला एकही हवेतून काढलेला नव्हता, हे विसरू नका.

अशा अभ्यासावर एक वेगळी समिती असते जी मधेच आकडे उघडून बघते. इथे पहिल्या ५०० जणांचा हिशोब मांडला तर तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के लोक जिवंत होते आणि वाट बघणाऱ्या गटातले ६७.५ टक्के. शंभरामागे बारा माणसांचा फरक! एवढा फरक दिसल्यावर पुढे भरती करणं बरोबर नव्हतं म्हणून अभ्यास तिथेच थांबवला. कारणही कळलं, हाताला काही न लागणाऱ्या मानेतसुद्धा जवळजवळ ३० टक्के लोकांच्या गाठीत रोग लपलेला होता, आणि वाट बघितली की तो दिसेपर्यंत पुढच्या स्टेजला गेलेला असायचा. ऑपरेशनचा त्रास पहिल्या गटाला थोडा जास्त झाला, ६.६ टक्के विरुद्ध ३.६, तेही त्यांनी लपवलं नाही. २०१५ मध्ये हे शिकागोच्या कॅन्सर परिषदेच्या मुख्य सत्रात मांडलं गेलं आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या जगभरचे डॉक्टर वाचतात त्या मासिकात छापून आलं. परळच्या हॉस्पिटलमधल्या तंबाखू खाणाऱ्या साध्या माणसांनी दिलेलं उत्तर आज जगातले सर्जन वापरतात, मला याचा फार अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेस्ट कॅन्सरची, माझा विषय नाही तो, पण नवीन मशीन म्हणजेच नवीन उपचार असं ज्यांना वाटतं त्यांना मी ही आवर्जून सांगते. टाटाच्याच डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमने देशातल्या ११ कॅन्सर सेंटरमध्ये १६०० बायकांचा अभ्यास केला, निम्म्या जणींना गाठ काढायच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं. लिग्नोकेन म्हणजे काय, तर मी दाढ काढताना हिरडीत देते तेच भुलीचं औषध! विचार असा की ऑपरेशनच्या हाताळणीत कॅन्सरच्या पेशींची हालचाल वाढत असेल तर ती आधीच रोखता येईल का. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्या ९०.१ टक्के बायका जिवंत होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. इतक्या स्वस्त औषधावर कुठली कंपनी पैसे घालेल हो? असा प्रश्न घेऊन दहा-दहा वर्षं बसायचं काम शिकवणाऱ्या, सरकारी पैशांवर चालणाऱ्या हॉस्पिटललाच जमतं, आणि टाटा १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे हे बऱ्याच जणांना माहीतही नसतं.

आणि रिसर्चमुळे ऑपरेशन वाढतातच असंही नाही. ब्रेस्ट कॅन्सर आधीच शरीरात दुसरीकडे पसरला असेल तर मूळ गाठ काढून आयुष्य वाढतं का, हे त्याच हॉस्पिटलने ३५० बायकांमध्ये तपासलं, आणि नाही वाढत असं निघालं. म्हणजे त्यानंतरच्या किती जणींचं एक मोठं ऑपरेशन वाचलं बघा.

शिकाऊ डॉक्टरांबद्दल थोडक्यात. हो, थिएटरमध्ये शिकणारे डॉक्टर असतात, टाके घालतात, सिनियर समोर उभा असताना ऑपरेशनचे भागही करतात, नाहीतर पुढचे सर्जन येणार कुठून. पण तिथे तुमची केस आधी सर्जन, किमोवाले, रेडिएशनवाले एकत्र बसून बघतात, आणि मला तरी एकट्या माणसाच्या अंदाजापेक्षा ते जास्त भरवशाचं वाटतं.

आता कागदाचं. तुम्हाला कुठल्या अभ्यासात घ्यायचं असेल तर आधी तुमच्या भाषेतलं माहितीपत्रक देतात, मराठीत मागा, ते असतंच. घाईने सही करू नका. घरी नेऊन वाचा, आणि विचारा की मी भाग घेतला नाही तर मला कोणता उपचार मिळणार, दोन्ही गटांत काय वेगळं आहे, जास्तीच्या तपासण्यांचे पैसे कोण भरणार, त्रास झाला तर फोन कोणाला करायचा. सही केल्यावरही मधेच बाहेर पडता येतं आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत, हा नियम आहे, कोणाचे उपकार नाहीत. त्या पत्रकाची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. आणि खूप पेशंटसमोर असा कागद येतही नाही, त्यांचं सरळ ऑपरेशन होतं, त्यामुळे येईल की काय या भीतीने महिनाभर घरी बसून लेप लावणं मला खरंच बघवत नाही.

जायचं ठरलं की नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, बायोप्सीच्या, म्हणजे तपासायला दिलेल्या तुकड्याच्या, काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, कारण तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतः पुन्हा बघतात आणि ते नसेल तर तुमची एक फेरी वाया जाते. राहायचं म्हणाल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, दोन्हीकडे गर्दी असते म्हणून जागेची चौकशी निघायच्या आधीच करा. चिठ्ठी माझ्याकडून घेऊन जा, रविवारी आलात तरी देईन.