बंधाऱ्यावरची पोरं

रविवार, रात्री साडेदहा

पोरं गेली. सात दिवस शाळेच्या दोन खोल्या गजबजलेल्या होत्या, आज संध्याकाळी कुलूप लावताना कडी उगाच मोठ्यानं वाजली.

राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या एका कॉलेजचं एन.एस.एस. शिबिर होतं. काम ओढ्याचं. मलप्रभा आमच्याच खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही, आणि तरी होळीला आमच्या ओढ्यात नुसते दगड! पाणी वाहतंय तोवर अडवायचं म्हणून पोरांनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरली, तोंडं शिवली, थरावर थर रचले आणि फटी चिखलानं लिंपल्या. तिसऱ्या दिवशी पाणी गुडघ्याला लागलं, तेव्हा परटाच्या मळ्यातले काका काठावर बसून नुसते बघत राहिले. त्यांची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

निम्मी पोरं अथणी-रायबागकडची, कन्नड बोलणारी. जेवण गावानं वाटून घेतलं होतं. बुधवारी आमच्या घरी सहाजणी होत्या. आईनं तांदळाच्या भाकऱ्या, काळ्या वाटाण्याची उसळ केली. "घे गं, लाजू नको," म्हणत ती वाढतच होती, आणि एक पोरगी पानावर हात आडवा धरून "साकु अज्जी, साकु!" आईला कन्नड चार शब्दांपलीकडे येत नाही. पण अज्जी आणि आज्जीत काय अंतर आहे? तिनं अर्धी भाकरी वाढलीच.

ते बघताना मला माझं कॉलेज आठवलं. मी बेळगावच्या लिंगराज कॉलेजची. 1916 मध्ये सात शिक्षकांनी केएलई संस्था उभी केली, 1933 मध्ये तिचं हे कॉलेज निघालं. नाव शिरसंगीच्या लिंगराज देसाईंचं. त्यांनी आपली सगळी इस्टेट शिक्षणासाठी लिहून ठेवली होती. ते 1906 मध्ये गेले, म्हणजे हे कॉलेज त्यांना दिसलंही नाही. अशा माणसापुढं हात आपोआप जोडले जातात.

पण माझ्या दुसऱ्या वर्षाची फी कुणी भरली, ते कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. त्या वर्षी बाबांचं भात पाण्यात गेलं होतं. आईच्या भिशीतल्या बायकांनी आपापले नंबर मागं सारले आणि पहिली उचल आईला दिली. त्यातल्या एकीच्या घराचं छप्पर त्याच पैशांसाठी थांबलं होतं. ते मला नोकरी लागल्यावर कळलं. आज त्या अंथरुणाला खिळून आहेत. शिबिराच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या घरूनही पातेलंभर आमटी आली, सुनेच्या हातून, निरोपासकट: "पोरं उपाशी कामाला जायला नकोत."

निघताना ती साकुवाली पोरगी आईच्या पाया पडली. आईनं तिच्या पिशवीत लाल चटणीची पुडी कोंबली. पोरगी पुढं बी.एड. करणार म्हणते. तिच्या घरात कॉलेजला गेलेली ती पहिलीच.

बंधाऱ्याच्या डाव्या अंगाला थोडं पाणी झिरपतंय. उद्या सातवीची मुलं घेऊन जाते, चिकणमाती लिंपायला.