शनिवारचा भाव

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या डिस्नेलँडचं एका दिवसाचं, एका पार्कचं सर्वांत महाग तिकीट ऑक्टोबर २०२५ मध्ये २०६ डॉलरवरून २२४ डॉलर झालं. सर्वांत स्वस्त तिकीट मात्र १०४ डॉलरच राहिलं, आणि ते २०१९ पासून तिथेच आहे. तिकडे राहणारी लेक फोनवर "बाबा, परत वाढवलं हो" म्हणाली तेव्हा तिच्या डोक्यात पहिला आकडा होता. मी अडकलो दुसऱ्यापाशी. बडोद्याच्या रावपुऱ्यात बँकेच्या काउंटरमागे आयुष्य गेलं माझं. एक दर हलत नाही आणि दुसरा पळत सुटतो, तेव्हा कुणाला तरी सांभाळून घेतलेलं असतं आणि कुणाला तरी बरोबर धरलेलं असतं, एवढं आता वासावरून कळतं.

धरलंय कुणाला? १०४ डॉलरचा दिवस म्हणजे शाळा चालू असतानाचा एखादा मंगळवार-बुधवार. २२४ चा दिवस म्हणजे नाताळचा आठवडा आणि गर्दीच्या सुट्ट्या. शनिवार-रविवार बहुतेक या वरच्या बाजूलाच. म्हणजे ज्याच्या घरात शाळेत जाणारं पोर आहे, त्याला स्वस्त दिवस दिसतो पण घेता येत नाही. घेता येतो आम्हाला, पेन्शनवाल्यांना. पार्क मुलांसाठी आणि स्वस्त दिवस आजोबांसाठी, अशी ही गंमत आहे. भाव वाढले म्हणून सगळेच कुरकुरतात, पण वाढ सगळ्यांवर सारखी पडलेली नाही. ज्याची सुट्टी दुसऱ्याच्या हातात, त्याच्यावर ती पडली आहे.

तारखेप्रमाणे भाव ही तिथेही तशी अलीकडची पद्धत. २०१६ च्या फेब्रुवारीत डिस्नेलँडने दिवसांचे तीन वर्ग केले. हळूहळू वर्ग वाढत गेले. कंपनी सांगते की गर्दी वर्षभर सारखी पसरावी म्हणून हे आहे. ते खोटं नाही. राइडला लागणारी माणसं, देखभाल, वीज हा सगळा खर्च पार्क रिकामं असलं तरी होतोच. पण गर्दी पसरवायची एवढाच हेतू असता, तर खालचा भाव खाली आणला असता. तो जागेवर ठेवून वरचाच चढवला, तेव्हा खरा डोळा कमाईवर आहे ते समजलं. २०२४ च्या आर्थिक वर्षात डिस्नेच्या कामकाजाच्या नफ्यातले साठ टक्क्यांच्या आसपास पार्क, क्रूझ आणि खेळण्यांच्या विभागातून आले. जी गाय दूध देते तिचीच कास पुन्हा पुन्हा धुतात.

आता न्यायाने बोलायचं तर जुना भाव सांगून गळा काढणाऱ्यांचंही मला पटत नाही. १७ जुलै १९५५ ला हे पार्क उघडलं तेव्हा मोठ्यांना १ डॉलर आणि मुलांना अर्धा डॉलर लागायचा, असं लोक लिहितात. तेव्हाचा १ डॉलर म्हणजे महागाई धरून आजचे साधारण १२. पण ते नुसतं फाटकातून आत जायचं तिकीट होतं. प्रत्येक राइडचे पैसे वेगळे. मग कुपनांची पुस्तिका आली, आधी ए, बी, सी, पुढे डी, आणि १९५९ मध्ये ई. भारी राइड्स सगळ्या ईमध्ये. पुस्तिका संपली तरी ए-ची दोन-तीन कुपनं खिशात उरायचीच, कारण ए म्हणजे घोड्यांचं चक्र वगैरे. १९८२ मध्ये ही कुपनं बंद झाली आणि एका तिकिटात सगळं, असं झालं.

माझं म्हणणं एवढंच, की ती कुपनं मागच्या दाराने परत आली. १९९९ पासून फास्टपास नावाची सोय होती, अगदी फुकट. मशीनमधून चिठ्ठी काढायची, दिलेल्या वेळेला यायचं, रांग टळायची. २०२१ मध्ये तीच गोष्ट नवं नाव घेऊन आली आणि डिस्नेलँडला माणशी २० डॉलर लागू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये रांग टाळायचा आणखी वरचा पास आला, सुरुवातीला माणशी दिवसाला ४०० डॉलर, आणि फाटकाचं तिकीट त्यात धरलेलं नाही. आधी राइड विकायचे, आता रांग विकतात. आणि रांग विकायची तर ती लांब असलेलीच बरी, नाही का?

हे सगळं अमेरिकेचंच आहे असं समजू नका. आपल्या बडोद्यापासून नव्वदेक किलोमीटरवर केवडियाला सरदार पटेलांचा पुतळा आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे तीन तिकिटं होती. नुसतं आत जायचं १५०, वर गॅलरीत जायचं ३८०, आणि एक्सप्रेस १०३०. आम्ही ३८० वाले. लिफ्टच्या रांगेत उभं असताना शेजारच्या दोरीपलीकडून एक्सप्रेसवाले जायचे, आणि आमच्या रांगेतली मुलं त्यांच्याकडे नाही, स्वतःच्या बापाकडे बघायची. पुढे उभे असलेले एक काका वर जाऊन आले आणि उतरताना म्हणाले, "मोंघुं छे, पण मजा आवी." बडोद्याच्या माणसाचा निकाल हा असाच असतो. तक्रार करायची, पैसे द्यायचे, आणि मजा आली हेही प्रामाणिकपणे सांगायचं.

वार्षिक पास हा माझा खास आवडीचा विषय, कारण त्यात खरी बँकिंग आहे. लेक राहते अर्व्हाइनला, पार्कपासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. तिथे आता पासला मॅजिक की म्हणतात. सर्वांत वरचा पास ऑक्टोबर २०२५ मध्ये १७४९ वरून १८९९ डॉलरला गेला. लहान मुलाला सवलत नाही. तीन वर्षांच्या पोरालाही तोच भाव. लेक, जावई, नात मिळून ५६९७ डॉलर, म्हणजे आपल्या पाच लाखांच्या घरात. खालचा पास ५९९ चा, तो फक्त दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना, आणि त्यात शनिवार-रविवार नि सुट्ट्या बहुतेक बंद. तो वाढवला नाही. पुन्हा तेच बघा, खालचं जागेवर, वरचं आकाशात.

हिशोब असा. १८९९ भागिले २२४, म्हणजे सुट्टीचे साडेआठ दिवस. म्हणजे वर्षात सुट्टीच्या दिवशी नऊ वेळा गेलात तर वरचा पास वसूल. ५९९ भागिले १०४, म्हणजे आडवारी सहा वेळा गेलात की खालचा वसूल. पासमध्ये डिस्नेलँड आणि शेजारचं कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर ही दोन्ही पार्कं येतात, तेव्हा थोडं आणखी लवकर. कागदावर फायदाच फायदा. पण गरब्याचा सीझन पास घेणाऱ्या कुणालाही विचारा, नऊ रात्रींचा पास घेतलेला माणूस किती रात्री खरोखर ग्राउंडवर असतो. चौथ्या दिवशी पाय दुखतात, सहाव्या दिवशी पाऊस येतो, अष्टमीला कुणाकडे तरी आरती असते.

शिवाय गरब्याचा पास गळ्यात घातला की आत सोडतात. डिस्नेलँडला पास असूनही आधी तारीख राखून ठेवावी लागते. राखलेल्या दिवशी गेला नाहीत, असं नव्वद दिवसांत तीनदा झालं, तर पुढचे तीस दिवस तुम्हाला नवी तारीख राखता येत नाही. पैसे आधी भरलेले, तेही बिनव्याजी. यायचं की नाही ते मात्र त्यांच्या कॅलेंडरवर. २०२१ मध्ये एक वरचा पास असा विकला होता की त्यात एकही दिवस बंद नाही. लोक तारीख मागायला गेले तर तारीखच मिळेना. कोर्टात दावा झाला आणि २०२३ मध्ये कंपनीने ९५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. त्याच्या मधल्या वर्षी, २०२२ च्या उन्हाळ्यात, कंपनीच्या तिमाही निकालात डिस्नेलँडला येणाऱ्या गर्दीचं मिश्रण प्रतिकूल आहे, अशा अर्थाचं वाक्य होतं. प्रतिकूल म्हणजे आपणच, असं समजून पासवाले चिडले, काहींनी तो शब्द टी-शर्टवर छापून घेतला आणि तोच घालून पार्कात गेले. तिथल्या पासवाल्यांबद्दल मला जिव्हाळा वाटायला लागला तो तेव्हापासून.

आम्ही दोघं लेकीकडे गेलो होतो तेव्हा जावयाने आमची तिकिटं काढली आणि किंमत काही सांगितली नाही. मी मेलमध्ये शोधून काढली, तो भाग वेगळा. हिने सकाळी उठून मेथीचे थेपले केले, छुंद्याची, म्हणजे कैरीच्या गोड लोणच्याची, छोटी बरणी घेतली. काचेची नको, म्हणून जावयाने छुंदा प्लॅस्टिकच्या डबीत काढायला लावला. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात यावर माझा विश्वास बसत नव्हता. फाटकावर बॅग तपासणाऱ्या बाईने डबा उघडला. फॉइल बाजूला केलं, थेपल्यांच्या चवडीवरून नजर फिरवली, डबीचं झाकण वर करून बघितलं, वास घेतला असावा, कारण एकदा हसली, आणि सगळं जसंच्या तसं बंद करून हिच्या हातात दिलं. दुपारी आम्ही एका बाकावर बसून ते खाल्लं. समोरच्या दुकानात खाण्याचे भाव लावलेले होते. मी ते वाचले आणि आणखी एक थेपला घेतला.

हे सांगायचं कारण, आपल्याकडच्या एका वॉटर पार्कात नेमकं याच्या उलट झालं होतं. नाव घेत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच असतं. गेटवर डबा काढून घेतला, पाण्याची बाटलीसुद्धा. आत गेल्यावर नायलॉनचा कॉश्च्युम सक्तीचा, त्याचं भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं, लॉकरचं वेगळं. तिकिटावरचा आकडा बघून आपण स्वस्त म्हणतो. घरी येऊन पाकीट उघडलं की खरं तिकीट कळतं. त्यातही शनिवार-रविवारचा दर आता वेगळा छापतात. सरकारचा हात आहेच. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा अशा पार्कांवर २८ टक्के होता. बरीच ओरड झाल्यावर जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आला.

स्वस्ताईचं मात्र मी आता तोंड भरून कौतुक करत नाही. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी २५ मे ला राजकोटच्या गेम झोनला आग लागली आणि सत्तावीस जण गेले. शनिवार होता, सुट्टीचे दिवस होते आणि ९९ रुपयांत प्रवेशाची योजना चालू होती. त्यानंतर कुठल्याही राइडवर नातीला बसवायचं म्हटलं की मी भाव विचारायच्या आधी पट्टा ओढून बघतो, आणि बाहेर पडायचं दुसरं दार कुठे आहे तेही. ही त्यावरून माझ्यावर चिडते. चिडू दे.

लेकीला मी फोनवर पाऊण तास वरचा पास घेऊ नको म्हणून समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की वरचा घेतलेलाच नाही. ५९९ चा घेतलाय, तिचा आणि नातीचा, जावई नाहीच. शाळा सुटली की आडवारी दोघी गाडीने जातात, दोन राइड, एक आइस्क्रीम, अंधार पडायच्या आत घरी. पार्क बघायचं म्हणून जातच नाहीत. लहानपणी आम्ही तिला कमाटी बागेत न्यायचो तसं ते जाणं आहे. बागेत तेव्हा राजघराण्याची ती छोटी आगगाडी होती. गाडीचं तिकीट लागायचं, पण गाडीत बसवलं नाही तरी बाग होतीच. सयाजीरावांनी १८७९ मध्ये ती बाग लोकांसाठी केली. फाटकाला पैसे नाहीत आणि आधी तारीखही राखावी लागत नाही. अर्व्हाइनला संध्याकाळी पोर घेऊन जायला जागा नाहीत असं नाही, चांगल्या बागा आहेत. पण नातीला तिथेच जायचं असतं, आणि तिच्या वर्गातल्या बऱ्याच जणांकडे पास आहे.

"आणि बाबा," लेक म्हणाली, "९९ आधी भरले, बाकीचे बारा हप्त्यांत. महिन्याला बेचाळीस डॉलर. व्याज नाही."

५०० भागिले बारा, एक्केचाळीस रुपये सदुसष्ट पैसे. डॉलर, डॉलर, सवय जात नाही. हिशोब बरोबर होता. बिनव्याजी हप्ता द्यायला ते का तयार आहेत हे मी तिला विचारलं, तर म्हणाली तुम्हीच सांगा, तुम्ही बँकवाले. मी सांगितलं. पुढच्या ऑक्टोबरला भाव वाढेल तेव्हा तुला ५९९ चे किती झाले ते दिसणार नाही, बेचाळीसचे पंचेचाळीस झाले एवढंच दिसेल. ती म्हणाली, तेव्हाचं तेव्हा.

नाताळात तिघंही बडोद्याला येतायत. त्या दिवसांत त्यांचा पास तिथे तसाही चालत नाही. नातीने केवडियाला जायचं ठरवून टाकलंय आणि एक्सप्रेसची रांग वेगळी असते हे तिला कुणीतरी आधीच सांगून ठेवलंय. सोमवारी तिथे बंद असतं, म्हणून मी मंगळवार धरलाय. तिकिटं आमची नेहमीचीच काढणार आहे, गॅलरीवाली.