जुनं छप्पर उतरवण्याआधी

जुन्या घराचं छप्पर गळायला लागलं की लोक सरसकट सगळी कौलं बदलायला निघतात. मला ते बघवत नाही. चांगल्या भाजणीचं कौल किंवा स्लेटची लादी 100 वर्षंही टिकते. आधी गंजतात ते लोखंडी खिळे, कुजतो तो कौलांखालचा पाणी अडवणारा थर. कौलं जपून उतरवा, थर नवा घाला, तांब्याच्या खिळ्यांनी तीच परत बसवा.

1950-60च्या दशकांतल्या सपाट छपरांचं दुखणं वेगळं. पाऊस थांबून 48 तास झाले तरी पाणी साचलेलंच असेल, तर नुसता लेप लावून भागत नाही. उतार सुधारावा लागतो. (तो करताना छपराची बारीक कड मात्र जाड करू नका, या घरांचं देखणेपण तिथेच आहे.) आधुनिक घरांवरचे धातूचे पत्रे उन्हात प्रसरण पावतात, त्यांना सरकायला जागा देणाऱ्या क्लिपा आहेत ना, ते बघा.