जेलमध्ये दिवसभर करतात काय?

जेल खात्यातल्या माणसाच्या पोराला आयुष्यभर हाच प्रश्न विचारला जातो, आणि त्याच्या मागोमाग दोन उपप्रश्न ठरलेले, कसाबला कुठे फाशी दिली आणि संजय दत्त खरंच पिशव्या करायचा का. तर येरवड्यात, 21 नोव्हेंबर 2012 ला. आणि हो, करायचा कागदी पिशव्या, शिक्षा लागलेली होती म्हणून काम होतं, फेब्रुवारी 2016 ला सुटला पण. झालं समाधान? आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

आमचे अण्णा हवालदार म्हणून रिटायर झाले. बदल्या बऱ्याच झाल्या पण कुठल्याही जेलचा दिवस त्यांच्या बोलण्यात सारखाच, सुरुवात गिनतीने आणि शेवटही गिनतीने. सकाळी बराक उघडायच्या आधी सगळे जोडीने बसणार, दोन-दोनच्या रांगा, शिपाई मोजत जाणार, मग प्रत्येक बराकीचा आकडा सर्कलला म्हणजे जेलच्या त्या विभागाला, सर्कलचा आकडा ऑफिसला, आणि टोटल जुळली तरच पुढचं सगळं. एक माणूस इकडचा तिकडे झाला, कोणी दवाखान्यात आहे आणि तो दोनदा धरला गेला, की पुन्हा बसा जोडीने. चहा थांबला, कोर्टाची गाडी थांबली, सगळं थांबलं. अण्णा अजूनही लग्नाच्या पंगतीत नकळत माणसं मोजत असतात आणि आई डोळे वटारते.

मग चहा-नाश्ता, अंघोळीच्या हौदावर गर्दी, दहा-अकराला जेवण, दुपारी बंदी म्हणजे परत बराकीत, तीनच्या सुमारास उघडणार, आणि चार-पाचला संध्याकाळचं जेवण हातात. हे लोकांना खरंच वाटत नाही पण सहाच्या आत बराकीला कुलूप पडतं ते उजाडेपर्यंत, त्यामुळे जेवण त्याआधी वाटावंच लागतं. आता पाचला घेतलेली चपाती आणि डाळ आठ-नऊला भूक लागेपर्यंत गार होणार हे उघड आहे, मग ज्याच्या खात्यावर मनीऑर्डर येते तो कॅन्टीनचं फरसाण कालवून तीच भाजी नव्याने बनवतो आणि ज्याची येत नाही तो त्याच्या शेजारी बसतो.

आता ते कार्यक्रम, ज्यांच्या बातम्या पेपरात येतात. मी काही त्यांची टिंगल करणाऱ्यातला नाही. येरवड्याच्या कैद्यांच्या टीमने ऑक्टोबर 2023 मध्ये फिडे ह्या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या कैद्यांसाठीच्या ऑनलाइन स्पर्धेत गोल्ड आणलं, ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली टीम, मला तर वर्ल्ड कपपेक्षा भारी वाटलं होतं ते. मुक्त विद्यापीठाची सेंटर आहेत, भजनं होतात, नाशिकरोडच्या जेलमधल्या गणपतीच्या मूर्ती लोक आवडीने घेऊन जातात. गळाभेट म्हणून एक प्रकार आहे तो मला सगळ्यात आवडतो, एरवी मुलाखतीला मध्ये काच किंवा जाळी असते आणि बोलायला फोन, पण गळाभेटीच्या दिवशी पोरगं सरळ बापाच्या मांडीवर. अण्णा सांगायचे की काही बारकी पोरं बापाकडे जातच नाहीत, ओळखतच नाहीत ना, आईच्या पदराला धरून रडतात, मग बाप त्याला खाऊ दाखवत बसतो आणि तेवढ्यात वेळ संपत येतो.

आणि कारखाने. येरवड्यात सुतारकाम, हातमाग, शिवणकाम, बेकरी असं बरंच काही आहे. आमच्याकडे जेलच्या दुकानातले टॉवेल आहेत, दिसायला साधे पण फाटता फाटत नाहीत, दिवाळी मेळ्याला गेलात तर नक्की घ्या. पगार मात्र ऐकून घ्या, ऑगस्ट 2023 मध्ये वाढ झाल्यानंतर कुशल कैद्याला दिवसाला 74 रुपये, अर्धकुशलला 67 आणि अकुशलला 53. त्याच पगाराच्या जोरावर 2022 पासून येरवड्यात कर्ज पण मिळायला लागलं, महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' योजना, 50 हजारांपर्यंत, व्याज 7 टक्के, हप्ता कामाच्या पैशातून कापला जाणार आणि जामीनदार लागत नाही. वकिलाची फी, पोरांच्या शाळेची फी, घराचे पत्रे, ज्याला जे लागेल ते.

पण इथेच खरी गोम आहे. हे काम, पगार, माफी म्हणजे शिक्षेतली सूट, कर्ज, खुल्या जेलला जाणं, फर्लो म्हणजे ठराविक दिवसांची सुट्टी, हे जवळजवळ सगळं पक्क्या कैद्याचं, म्हणजे शिक्षा लागलेल्या, पांढरे कपडे आणि टोपीवाल्याचं. आणि जेलमध्ये बहुतेक माणसं पक्की नसतातच. एनसीआरबी म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरोच्या 2022 च्या आकड्यांत देशभरच्या कैद्यांपैकी जवळपास 76 टक्के कच्चे होते, म्हणजे केस चालू, गुन्हा सिद्ध झालेला नाही, कायद्याने त्यांच्यावर कामाची सक्ती नाही. ऐकायला चांगलं वाटतं सक्ती नाही म्हणजे, पण सक्ती नाही म्हणजे काम पण नाही, पगार नाही, वेळ घालवायला काही नाही, तारीख कधी आहे एवढंच. येरवड्याची क्षमता अडीच हजारांच्या आत आणि आत माणसं सहा हजारांच्याही वर गेलेली आहेत, ती गर्दी ह्यांची.

त्यामुळे "दिवसभर करतात काय" ह्याचं खरं उत्तर बहुतेकांच्या बाबतीत "काही नाही" असं आहे. पत्ते, कॅरम, झोप, भांडणं, दुसऱ्याच्या केसचे कागद वाचून सल्ले देणं. प्रत्येक बराकीत एक तरी माणूस असा असतो जो वकील नाही पण अर्ज एक नंबर लिहितो.

ह्यात डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे ज्यांना जामीन मंजूर झालाय तेही आत असतात. ऑर्डर झालेली आहे, पण जामीनदार नाही. आपल्याकडे जामीनदार म्हणजे तहसीलदाराचं सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट म्हणजे ऐपतीचा दाखला, सातबारा नाहीतर घरपट्टी, रेशनकार्ड, पुण्यात बिगारी काम करणाऱ्या यूपी-बिहारच्या पोराने हे कुठून आणायचं? शिक्षा झालेल्याला बँक जामीनदाराशिवाय पन्नास हजार देते आणि शिक्षा न झालेला जामीनदार नाही म्हणून बसून आहे, अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग? आमच्या वेळेला पाच हजारासाठी दोन-दोन वर्षं बसलेले बघितलेत मी."

आता थोडं बदललंय, माहिती असू द्या म्हणून लिहितोय. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलंय की जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात जामीन भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करायचा विचार करू शकतं. त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना पण आली, तेव्हाच्या नियमात कच्च्याला जामिनासाठी 40 हजारांपर्यंत आणि पक्क्याचा दंड भरायला 25 हजारांपर्यंत. शिवाय नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479, पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल तर जामीन, फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना नाही आणि एकापेक्षा जास्त केस असतील तरी नाही. तुमच्या ओळखीतलं, कामवाल्या मावशींचं, सोसायटीच्या वॉचमनचं कोणी अडकलेलं असेल तर एजंटला पैसे देण्याआधी जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा, वकील फुकट मिळतो, जाताना जामिनाच्या ऑर्डरची झेरॉक्स आणि कैद्याचा बंदी नंबर बरोबर ठेवा.